हरियाणातून जनावरं आणताय? आरोग्य दाखल्यावर किती विसंबायचं

विचारलेला प्रश्न असा: गोठ्यात आधीच चौदा दुभती जनावरं आहेत, आता हरियाणातून सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आणि चार मुऱ्हा म्हशी आणायच्या आहेत. व्यापारी म्हणतो, "डॉक्टरचा दाखला माझ्याकडे लागला, पंधरा दिवस चालतो, तुम्ही फक्त गाडी पाठवा." तेवढा दाखला पुरेल का?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. गाडी वाटेत अडू नये, हा एक. जनावरांबरोबर रोग घरी येऊ नये, हा दुसरा. व्यापारी देतोय तो कागद पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. दुसऱ्यासाठी त्याचा उपयोग फार थोडा. मी बरीच वर्षं असे दाखले देत आलोय, आणि असेच दाखले घेऊन आलेली जनावरं ज्या गोठ्यांत आजारी पडली तिथे उपचारही केलेत. त्यामुळे कागदाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

आधी कागद म्हणजे काय ते बघू. जनावरांच्या वाहतुकीचे केंद्राचे नियम १९७८ चे आहेत, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालचे. त्यातला ४७ वा नियम सांगतो की गायी-म्हशींच्या प्रत्येक खेपेबरोबर पशुवैद्यकाचा दाखला हवा, आणि तो नसेल तर वाहतूकदाराने माल घेऊ नये. दाखल्याचा नमुनाही ठरलेला आहे. त्यात डॉक्टर लिहून देतो की गाडी निघण्याच्या जास्तीत जास्त १२ तास आधी मी ही जनावरं तपासली, ती प्रवासाला योग्य दिसली, संसर्गजन्य किंवा परजीवी रोगाची लक्षणं दिसली नाहीत, त्यांना पुरेसा चारापाणी दिलेला आहे, आणि अमुक तारखेला अमुक लस टोचलेली आहे.

बारा तास. पंधरा दिवसांचा उल्लेख त्या नमुन्यात कुठेच नाही. व्यापारी पंधरा दिवस म्हणतो तेव्हा बहुतेकदा त्याच्याकडे आधीच सही-शिक्का मारलेला कागद तयार असतो आणि त्यात जनावरांची संख्या भरायची बाकी असते. असा कागद कोणी दाखवला तर सौदा तिथेच थांबवा. ज्याने एवढं खोटं सहज केलं, त्याने वेताचा आकडा आणि दुधाचा आकडाही तसाच सांगितलेला असणार.

दुसरा शब्द लक्षात ठेवा: "दिसली". तपासणीच्या वेळी नजरेला आणि हाताला जे कळतं तेवढ्याचीच डॉक्टर ग्वाही देतो. जनावर निरोगी आहे असं तो म्हणत नाही, आणि म्हणूही शकत नाही. गंमत म्हणजे त्या नमुन्यात बुळकांडी या गुरांच्या जुन्या साथीच्या रोगाची लस टोचल्याचा उल्लेख अजून आहे. बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं, भारत तर २००६ मध्येच मुक्त ठरला होता. आता ती लस कोणी देत नाही, पण ओळ तशीच आहे. मी त्या ओळीवर रेघ मारतो आणि लाळ्या-खुरकूत, घटसर्प, लम्पी यांच्या लसींच्या तारखा लिहितो. रेघ न मारता नुसती सही केलेला दाखला आला, तर डॉक्टरने नमुना वाचलाच नाही असं मी धरून चालतो.

सही कोणाची चालते? भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाचीच. कृत्रिम रेतन करणारा किंवा गावात औषधपाणी करणारा माणूस कितीही अनुभवी असो, त्याचा दाखला नाक्यावर टिकणार नाही. दाखल्यावर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

आता कानातल्या बिल्ल्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. डॉक्टर संध्याकाळी दहा जनावरं तपासतो. रात्री त्यातल्या दोन चांगल्या गायींना दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे मिळतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या दोन चढतात. कागदावर "काळी-पांढरी एचएफ, वय पाच वर्षं" एवढंच लिहिलेलं असेल तर ही अदलाबदल पकडता येत नाही. म्हणून दाखल्यावर प्रत्येक जनावराचा बारा अंकी कानातला बिल्ला क्रमांक हवाच. महाराष्ट्रात तर १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही असा शासनाचा निर्णय आहे. तुमच्या भागातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याला ते क्रमांक द्या आणि भारत पशुधन प्रणालीत त्यांची नोंद बघायला सांगा. मालकाचं गाव, जनावराची जात, लसीकरणाच्या नोंदी तिथे दिसतात. क्रमांक एका म्हशीचा आणि कान गायीचा, हेही मी पाहिलंय. कान नुकताच टोचलेला, जखम ओली आणि व्यापारी म्हणतो "गेल्या वर्षीचं लसीकरण आहे", तर बिल्ला कालचा आहे हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

गाडीत चढताना प्रत्येक जनावराचा चेहरा आणि बिल्ला एका फोटोत येईल असा फोटो काढून घ्या. दहा फोटो काढायला पाच मिनिटं लागतात.

दाखल्यासाठी तपासणी कशी व्हायला हवी, हे थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे समोर चाललंय ते खरं की नुसता देखावा हे तुम्हाला ओळखता येईल. मी आधी लांब उभा राहून जनावरं बघतो, कोणी उठवायच्या आत. रवंथ करतंय का, श्वास कसा आहे, एखादं कळपापासून बाजूला मान टाकून उभं आहे का. मग चालवून बघतो. खुरांच्या बेचक्यांत जखम असेल तर चालीत कळतं. ताप प्रत्येकाचा घ्यायचा, अपवाद नाही. मोठ्या जनावराचा साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतो. उन्हात बांधलेल्या म्हशीचा थोडा चढलेला दिसला तर तिला सावलीत घेऊन, पाणी मारून तासाभराने पुन्हा घेतो. दहापैकी एकाला १०४ भरला तर मी त्या एकालाच नाही, तर त्याच्या शेजारच्या दोघांनाही संशयित धरतो.

मग तोंड उघडून जीभ, हिरड्या, टाळू. फोड किंवा सोललेली जागा दिसली की काम थांबलं. खांद्यापुढची गाठ दोन्ही बाजूंना चाचपतो, कारण गोचिडांमधून पसरणाऱ्या थायलेरियात ती लिंबाएवढी सुजते आणि लम्पीतही वाढते. कातडीवरून हात फिरवतो. केस दाट असतील तर लम्पीच्या सुरुवातीच्या गाठी डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. कानाच्या आत, शेपटीखाली, मांडीच्या बेचक्यात गोचीड शोधतो. डोळ्याची पापणी खाली ओढून रंग बघतो. कासेला हात लावून चारही सडांची धार काळ्या कपड्यावर काढतो. शेपटीखाली घाण, स्राव आहे का बघतो. दहा जनावरांना मला दोन-अडीच तास लागतात. दहा मिनिटांत दहा दाखले होत असतील तर डॉक्टर फक्त कान मोजतोय.

आणि एवढं सगळं करूनही काय सापडत नाही, ते महत्त्वाचं. लाळ्या-खुरकूत अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते चौदा दिवस लागतात. लम्पीसाठी जागतिक प्राणी आरोग्य संघटना हा काळ अठ्ठावीस दिवसांपर्यंत धरते. म्हणजे बाजारात तीन दिवसांपूर्वी लागण झालेली गाय माझ्यासमोर सगळ्या परीक्षा पास होईल, तिचा दाखला मी प्रामाणिकपणे देईन, आणि ती तुमच्या गोठ्यात आजारी पडेल. यात कोणी खोटं बोललेलं नसतं.

हे मी एकदा स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका शेतकऱ्याने परराज्यातून सात म्हशी आणल्या. दाखला चोख होता, क्रमांक जुळत होते, सही करणारा डॉक्टर नीट काम करणारा असावा असं कागदावरूनच वाटत होतं. त्यांनी फोन केला, मी जाऊन सगळ्यांचा ताप घेतला, सगळं ठीक. त्यांनी विचारलं, "आत बांधू का?" मी म्हणालो, बांधा. सहाव्या दिवशी एका म्हशीने आंबोण (पेंड-भुशाचा खुराक) सोडलं, तोंडातून दोरीसारखी लाळ गळायला लागली. पुढच्या आठवड्यात जुन्या गायी लंगडायला लागल्या. एकही मोठं जनावर दगावलं नाही, पण दोन वासरं गेली आणि त्या गोठ्याचं दूध महिनाभर बसलं. दाखला देणाऱ्याचा दोष नव्हता. "बांधा" हा शब्द माझा होता. त्यानंतर नवं जनावर कितीही टवटवीत दिसलं तरी मी तो शब्द वापरत नाही.

मग सौद्याआधी काय करायचं? दाखला हा शेवटच्या बारा तासांचा कागद आहे, पण खरी तपासणी त्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू व्हायला हवी. ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, हा रक्ततपासणीशिवाय ओळखता येत नाही. गाय दिसायला देखणी, दूध भरपूर, आणि सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते. तोच जंतू कच्च्या दुधातून आणि विल्यावर पडणारी वार हाताने काढताना माणसालाही लागतो. रक्ताची तपासणी प्रत्येकीची करून घ्या. इथे एक अडचण सांगून ठेवतो: गाभण जनावराची तपासणी निर्दोष आली तरी विल्यानंतर ती सदोष येऊ शकते. म्हणून गाभण गायी घेतल्या तर विल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. उलट बाजूने, कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात जी ब्रुसेलाची लस देतात ती उशिरा, मोठ्या वयात दिली असेल तर तपासणी उगाच सदोष दिसू शकते. लसीची नोंद यासाठीही हवी.

क्षयरोगाची तपासणी कातडीत औषध टोचून होते आणि सूज ७२ तासांनी मोजावी लागते. म्हणजे ती गाडीच्या आदल्या संध्याकाळी होऊच शकत नाही. कोणी "टीबी टेस्टही झाली आहे" म्हणाला तर टोचल्याची तारीख आणि मोजल्याची तारीख, दोन्ही विचारा. थायलेरिया आणि बबेसिया या गोचिडांमधून पसरणाऱ्या रोगांसाठी काचेवर रक्ताचा थेंब पसरून तपासायचा, ती तासाभराचं काम आहे. संकरित एचएफसाठी मी ती कधीच सोडत नाही. अंगात जंतू बाळगणारं वाहक जनावर घरी ठीक असतं, पण तीन दिवसांच्या प्रवासाचा ताण बसला की ताप उसळतो. दडलेल्या कासदाहासाठी, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या कासेच्या सुजेसाठी, सडाचं दूध द्रावणात मिसळून बघायची साधी तपासणी असते, ती तुम्ही स्वतः शिकू शकता.

लसीबद्दल एकच आग्रह. गाडी भरायच्या दिवशी टोचलेल्या लसीचा प्रवासात उपयोग नाही. संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि टोचल्यावर ताप आला तर तो लसीचा की रोगाचा हे कोणाला सांगता येत नाही. लाळ्या-खुरकूत लस राष्ट्रीय कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी दिली जाते. शेवटची मात्रा तीन आठवड्यांपूर्वीची पण सहा महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. नसेल तर लस टोचून जनावर तिथेच ठेवायला व्यापारी तयार आहे का विचारा. तयार नसेल तर तुमचा हिशोब बदलतो.

गाभण किती महिन्यांची, हाही दाखल्याचाच प्रश्न आहे. गर्भकाळाचा शेवटचा दहावा भाग उरला असेल तर ते जनावर प्रवासाला अयोग्य, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. गायीला साधारण शेवटचे अठ्ठावीस दिवस, म्हशीला महिनाभर. तुमच्याकडे व्यापारी "आठ दिवसांत विणारी" गाय मोठ्या आनंदाने देईल, कारण कास भरलेली दिसते आणि भाव चांगला येतो. दीड हजार किलोमीटरहून जास्त रस्ता ती उभ्याने काढणार. गाडीत विलेल्या गायीचं वासरू वाचलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. नुकत्याच विलेल्या जनावरालाही दोन-तीन दिवस हलवू नका.

गाडीचं गणित. १९७८ च्या नियमांत रस्त्यावरच्या एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नकोत, आणि प्रत्येकाला किमान दोन चौरस मीटर जागा हवी. २०१६ पासून मोटार वाहन नियमांतही हीच जागा आणि प्रत्येक जनावरासाठी कायमचे कप्पे आले आहेत. चौदा फूट लांब आणि सहा फूट रुंद हौदा म्हणजे ८४ चौरस फूट, म्हणजे पावणेआठ चौरस मीटर. त्यात नियमाने तीनच जनावरं बसतात. तुमच्या दहांना दोन मोठ्या गाड्या लागतील, आणि प्रत्येक गाडीचा दाखला वेगळा घ्या. एका दाखल्यावर दोन गाड्या दाखवल्या आणि एक पंक्चर होऊन मागे राहिली, तर तिच्याकडे कागदच नाही. तळाला काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात, एक माणूस जनावरांसोबत हवा, प्रथमोपचाराचं साहित्य हवं, आणि हौद्यात दुसरा माल नको. पेंडीची पोती "जाता जाता" टाकणारे चालक असतात, त्यांना आधीच सांगा.

राज्यांचे कायदे इथे नियमांच्या वर येऊन बसतात, आणि ते जनावरानुसार, मार्गानुसार बदलतात. हरियाणात २०१५ चा गोवंश संरक्षण कायदा आहे, गाय राज्याबाहेर न्यायला वेगळा परवाना लागतो. म्हशींना तो कायदा नाही. वाटेत राजस्थानचा १९९५ चा आणि मध्य प्रदेशचा २००४ चा कायदा आहे. आरोग्य दाखल्यात "मार्गे" असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका, आणि चालकाने ऐनवेळी मार्ग बदलला तर कागद आणि गाडी जुळत नाहीत. खरेदीची पावती, विकणाऱ्याचं आणि तुमचं नाव-पत्ता-फोन, आणि जनावरं दुधासाठी पाळायला नेतोय हे दाखवणारं काहीतरी, जसं डेअरीचं सभासद पुस्तक, बरोबर असू द्या. माझ्या अनुभवात गाड्या रोगावरून कमी आणि हेतूवरून जास्त अडतात.

त्यातच २००९ चा जनावरांतील सांसर्गिक रोग प्रतिबंध कायदा. एखाद्या रोगासाठी राज्याने भाग "नियंत्रित क्षेत्र" जाहीर केला की जनावर आत-बाहेर नेण्यावर बंधनं येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे अख्खा महाराष्ट्र तसा जाहीर झाला होता, बाजार बंद, वाहतूक बंद. तेव्हा उत्तम दाखला असलेल्या गाड्याही सीमेवर थांबल्या. म्हणून गाडी ठरवायच्या आठवड्यात तुमच्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांकडे आणि जनावरं निघणार त्या जिल्ह्यात, दोन्हीकडे विचारा. इसार देण्याआधी विचारा.

इथवर थोडक्यात: लस तीन आठवडे आधी, रक्त आणि क्षयरोगाची तपासणी सौद्याआधी, दाखला निघण्याच्या बारा तासांत आणि बिल्ला क्रमांकांसह, गाडीमागे एक दाखला, परवाना गायींसाठी वेगळा.

राहिलं घरी आल्यानंतरचं. जुन्या चौदा जनावरांपासून लांब, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून वेगळी जागा करा. तुम्ही किती लांब ठेवू शकता हे जागेवर अवलंबून आहे. शेतात दुसऱ्या टोकाला शेड असेल तर छान, नसेल तर शेजाऱ्याची रिकामी पडवी भाड्याने घ्या, पण एकाच गव्हाणीच्या दोन बाजू याला वेगळं म्हणत नाहीत. मी अठ्ठावीस दिवस सांगतो. लोक एकवीसवर घासाघीस करतात. लम्पीची साथ आसपास नसेल आणि सगळ्या तपासण्या झाल्या असतील तर एकवीसला मी मान्यता देतो, चौदाला नाही.

त्या काळात आधी जुन्यांची धार, मग नव्यांची. नव्यांसाठी वेगळी बादली, वेगळे बूट, शक्य असेल तर वेगळा माणूस. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीचा ताप घेऊन वहीत लिहायचा. ही वही मला दाखल्यापेक्षा जास्त सांगते. लाळ्या-खुरकूतचा फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधी ताप चढतो, आणि तेवढा वेळ मिळाला तर एका जनावरावर निभावतं. पहिल्या दिवशी आंबोणाचा भडिमार करू नका. पाणी, थोडं मीठ-गूळ, सुका चारा, मग हळूहळू बाकीचं. पोचल्या पोचल्या गोचिडांचा बंदोबस्त करा, पण प्रवासाने दमलेल्या जनावरावर त्याच तासाला औषध फवारू नका, दुसऱ्या दिवशी करा. चौथ्या-पाचव्या दिवशी खोकला, नाक वाहणं दिसलं तर वाट न बघता डॉक्टरला बोलवा. प्रवासानंतरचा न्यूमोनिया आणि घटसर्प दोन्ही याच सुमारास डोकं वर काढतात, आणि घटसर्प म्हशीला काही तासांत नेतो.

तुमच्या जागी मी असतो तर दहाही एकदम आणली नसती. आधी चार म्हशी एका गाडीत, त्यांचे अठ्ठावीस दिवस काढून मग गायी. त्याच वेगळ्या शेडवर दोन्ही खेपा निभावतात, आणि पहिल्या खेपेत व्यापाऱ्याचा शब्द किती खरा होता तेही कळतं. व्यापाऱ्याला आज फक्त चारही म्हशींचे बिल्ला क्रमांक मागा, दाखला नंतर बघू.